माननीय कामगार मंत्री, ही संमती आमची नाही

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मी लोअर परळच्या एका कंपनीत नोकरी करते आणि डोंबिवलीला राहते. कंपनीचे नाव लिहीत नाही. घराचे हप्ते अजून फिटायचे आहेत आणि मुलगा यंदा दहावीला आहे. आपल्याला लिहावे असे बरेच दिवस मनात होते, पण रोज घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. गेल्या सोमवारी जे घडले त्यानंतर मात्र गप्प बसवेना.

सोमवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर नेहमीचा स्क्रीन आलाच नाही. समोर इंग्रजीत दीड पानाचा मजकूर. मथितार्थ असा, की मी स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाशिवाय, कामाच्या गरजेनुसार जादा तास थांबायला संमती देत आहे आणि त्या जादा तासांचा मोबदला माझ्या पगारातच धरलेला आहे हे मला मान्य आहे. खाली एकच बटण होते, 'मान्य'. 'अमान्य' असे बटणच नव्हते. ते दाबल्याशिवाय हजेरी लागत नव्हती. दहा वाजले की लेट मार्क, आणि तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार गेला. माझ्या टीममधली मुले-मुली माझ्या तोंडाकडे बघत होती. सव्वादहापर्यंत अख्ख्या मजल्याची 'स्वेच्छा' नोंदवून झाली होती.

एका मुलाने बटण दाबले नाही. त्याने एचआरला साधा मेल केला, की मोबदला पगारात कसा काय धरला आहे ते पगारपत्रकात दाखवा. गुरुवारी त्याला मीटिंग रूममध्ये बोलावले आणि काम समाधानकारक नाही असे सांगून बाहेरचा रस्ता दाखवला. याच मुलाला दिवाळीत कंपनीने सर्वांसमोर प्रशस्तिपत्र दिले होते. हिशेबाचे पैसे कधी मिळतील विचारले तर उत्तर आले, पंचेचाळीस दिवसांनी. नोकरी सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत पूर्ण वेतन द्यावे, असे नव्या वेतन संहितेत लिहिलेले आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता (केंद्राचे नवे कामगार कायदे) लागू झाल्याचे सरकारनेच जाहीर केले. दोन दिवसांचे पंचेचाळीस कसे होतात, हे त्या मुलाला कोण समजावणार? गोरेगावात भाड्याच्या खोलीत चौघांत राहतो तो. घरमालक पंचेचाळीस दिवस थांबत नाही.

आता आपल्याच निर्णयाकडे येते. 3 सप्टेंबर 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मंजुरी दिली. दुकाने आणि आस्थापनांसाठी दिवसाचे 9 तासांचे 10 झाले, कारखान्यांत 9 चे 12 पर्यंत, आणि आस्थापनांत तिमाहीला 125 तास असलेली ओव्हरटाइमची मर्यादा 144 झाली. गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, असे सांगितले गेले. कामगार संघटनांनी विरोध केला तेव्हा दोन गोष्टींचा आधार दिला गेला: जादा कामासाठी कामगाराची संमती लागेल आणि जादा तासांना दुप्पट दर मिळेल. आम्ही विश्वास ठेवला. आठवड्याचे 48 तास तेच आहेत, संमती लेखी आहे, मग काय बिघडले, असे मी स्वतः घरी नवऱ्याला सांगितले होते.

ती लेखी संमती कशी घेतली जाते ते मी वर लिहिले आहे. ज्याच्या हातात माझी नोकरी आहे त्यानेच मला विचारायचे, त्यानेच उत्तर लिहून द्यायचे आणि त्यानेच ते जपून ठेवायचे. याला संमती म्हणत असाल तर वेठबिगारी कशाला म्हणायचे, महोदय?

आमच्या कंपनीची भरभराट चालू आहे, ते खोटे नाही. मी लागले तेव्हा आम्ही अर्धा मजला वापरत होतो. आज दोन मजले आहेत आणि तरी माणसांना खुर्च्या पुरत नाहीत. पहिल्या पाळीचा माणूस उठेपर्यंत दुसऱ्या पाळीचा पाठीला बॅग लावून मागे उभा असतो. गुंतवणूकदारांचे पैसे आले तेव्हा स्वागतकक्षात निऑनची अक्षरे लागली, भिंतींना रंग लागला. बायकांची स्वच्छतागृहे मात्र जेवढी पहिल्या दिवशी होती तेवढीच आहेत. आम्ही पाच मिनिटे जागेवरून हललो की स्क्रीनवरचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि पिवळ्याची बेरीज महिन्याच्या अखेरीस आमच्या समोर ठेवली जाते. स्वच्छतागृहाबाहेर रांग असते. म्हणून माझ्या टीममधल्या मुली दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. मीही पीत नव्हते. दोनदा लघवीचा संसर्ग झाला, दुसऱ्या वेळी ताप मूत्रपिंडापर्यंत गेला आणि मी डोंबिवलीच्या हॉस्पिटलमध्ये सलाइन लावून पडले होते. त्या अवस्थेत मॅनेजरचा फोन आला, की आजच्या रिपोर्टचा पासवर्ड काय. डॉक्टर मला ओरडले, पाणी का पीत नाही म्हणून. त्यांना काय सांगणार? चाळीस वर्षांची बाई लघवीला जायला घाबरते, हे सांगतानाही लाज वाटते, आणि ती लाज माझी का असावी, हा विचार करून रात्री डोळा लागत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिते, कारण ती कुठल्याही अहवालात येणार नाही. रात्री साडेनऊनंतर सकाळी सातपर्यंत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही आणि ठेवलेच तर तिच्या सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची, असा राज्याचा 2017 चा कायदा आहे. आमच्याकडे त्यावर उपाय काढलेला आहे. सव्वानऊला बायकांचे पंच-आउट होते. सगळ्यांची नोंद बाहेर गेल्याची. आम्ही आतच असतो, दुसऱ्या लॉगिनवर. दहा, कधी साडेदहाला निघतो. गाडी नाही, कारण कागदावर आम्ही कधीच्या घरी गेलेल्या असतो. करी रोडच्या पुलावरून एकटीने चालत जायचे, लोकल पकडायची, डोंबिवलीला उतरून रिक्षावाल्याच्या मिनतवाऱ्या करायच्या. वाटेत मला काही झाले तर कंपनी रजिस्टर दाखवेल, की बाई सव्वानऊलाच बाहेर पडल्या होत्या.

रोज निदान दोन तास जादा जातात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर 50 तास, तिमाहीचे 150. म्हणजे तुमची वाढवलेली 144 ची मर्यादासुद्धा कंपनीने कधीच ओलांडली. दुप्पट दर सोडा, एकपट तरी? एक रुपया नाही.

तक्रार केली नाही असे समजू नका. एका सरकारी कार्यालयात गेले होते, सुट्टी टाकून, बिनपगारी. तिथल्या गृहस्थांनी माझे ओळखपत्र पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही असिस्टंट मॅनेजर आहात, तुम्ही कामगार नाही." मी असिस्टंट मॅनेजर आहे! मला कोणाला नोकरीवर घेता येत नाही, कोणाला काढता येत नाही, कोणाची अर्ध्या दिवसाची रजा मंजूर करता येत नाही. मी दिवसभर ग्राहकांच्या तक्रारी सोडवते आणि इतरांच्या ठिपक्याचा रंग बघते. आमच्या मजल्यावर एक्झिक्युटिव्ह, सीनिअर एक्झिक्युटिव्ह, लीड, असिस्टंट मॅनेजर असेच सगळे आहेत, कामगार म्हणून एकही माणूस नाही. पगारवाढीऐवजी हुद्दा गळ्यात घातला जातो आणि त्या हुद्द्यासरशी माणूस कायद्याच्या बाहेर जातो. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकी माणसांना शॉप ॲक्टमधून, म्हणजे वर लिहिलेल्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यातून, सूट आहे, पण त्यांची यादी जाहीर लावायची आणि तिची प्रत तुमच्या फॅसिलिटेटरला, म्हणजे तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, पाठवायची, असेही त्याच कायद्यात आहे. आमच्या कंपनीची यादी कोणी मागितली? कोणी वाचली? सातशे माणसांच्या कंपनीत सातशे मॅनेजर कसे, असा प्रश्न एका तरी अधिकाऱ्याला पडला का?

फॅसिलिटेटर! पूर्वी इन्स्पेक्टर होता, त्याच्याबद्दल लोक काय बोलत ते मला माहीत आहे. पण त्याला मालक दबकून तरी असत. उद्योगांना त्रास नको म्हणून त्याच्या अधिकाराची धार गेली आणि उद्योगांचा त्रास सोसणाऱ्यांना कोणीच उरले नाही.

त्यात मुंबईची वेगळीच तऱ्हा. इथे शॉप ॲक्टची अंमलबजावणी महापालिकेकडे. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षे या शहराला नगरसेवकच नव्हता, मग गाऱ्हाणे घेऊन कोणाच्या दारात उभे राहायचे? पीएफचे विचारले की तो केंद्राचा विषय. आमचे पीएफ दर महिन्याला पगारातून कापले जाते, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत ते भरायचे असते, आणि पासबुकात बघावे तर तीन-तीन महिने जमाच नाही. कापलेला पैसा आमचा. तो न भरणे हा गुन्हा आहे. पण राज्य केंद्राकडे बोट दाखवते, केंद्र पोर्टलकडे, आणि पोर्टल तक्रार 'निकाली' काढल्याचा एसएमएस पाठवून मोकळे होते.

2024 मध्ये पुण्यात 26 वर्षांची एक सीए मुलगी गेली. कामाच्या ताणाने मुलगी गेली असे सांगणारे तिच्या आईचे कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले, संसदेपर्यंत विषय गेला. तुमच्या खात्याने तपासणी केली तेव्हा त्या कार्यालयाची शॉप ॲक्टखाली वर्षानुवर्षे नोंदणीच नव्हती असे उघड झाले. पुढे काय झाले? पुढच्याच जानेवारीत एका मोठ्या कंपनीचे अध्यक्ष माणसांनी आठवड्याला 90 तास काम करावे असे म्हणाले. आणि त्यानंतर काही महिन्यांत राज्याने कामाचे तास कमी नव्हे, जास्त केले. एक मुलगी गेली त्यातून सरकारने हेच घेतले का?

आमचे ऑफिस जिथे आहे तिथे गिरणी होती. माझे वडील याच भागात बदली कामगार होते. सकाळी गेटवर उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसे बाहेर पडली आणि त्यातली बहुतेक परत आत गेली नाहीत. वडीलही नाहीत. त्या संपाचे बरे-वाईट मी इथे मांडत नाही. पण बदली कामगाराकडेसुद्धा हजेरीचा कागद होता आणि आठव्या दिवशी रविवार होता. तो रविवार नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी मालकांशी भांडून मिळवला. 1884 पासून मागणी लावून धरली आणि 10 जून 1890 ला साप्ताहिक सुट्टी पदरात पडली. तेव्हा परक्याचे राज्य होते. आज आपले राज्य आहे, आपला मंत्री आहे, आणि मला लेकीसारख्या असलेल्या पोरी रविवारी संध्याकाळी फोन वाजला की दचकतात, कारण 'फक्त अर्ध्या तासाचे काम आहे' असे म्हणून रात्र होते.

मला उद्योग बंद पडायला नकोत. कंपनी वाढली तर माझेही भले आहे, हे कळण्याएवढी अक्कल मला आहे. पण वाढीचा सगळा भार खालच्यांनी उचलायचा आणि वर निऑनची अक्षरे लावायची, हे किती दिवस सोसायचे?

तुम्ही संमतीचा शब्द दिला होता, तो खरा करा. जादा तासांची संमती कंपनीच्या कॉम्प्युटरवर घेतलेली चालणार नाही, असा आदेश काढा. ती सरकारच्या पोर्टलवर, आमच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने, मराठीत नोंदवली जावी. 'नाही' म्हणायची सोय त्यात असावी, दर तिमाहीला ती मागे घेता यावी, आणि 'नाही' म्हटल्यापासून सहा महिन्यांत त्या माणसाला काढले तर कारण सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकावी. पगारपत्रकावर जादा तास आणि त्यांचे पैसे वेगळ्या रकान्यात दाखवणे सक्तीचे करा. मॅनेजरांच्या याद्या मागवा आणि कोणाच्या हातात खरोखर अधिकार आहेत ते तपासा. त्या मुलाचे पैसे दोन दिवसांत का मिळाले नाहीत, हे विचारायला कोणत्या खिडकीवर जायचे तेवढे तरी नावानिशी सांगा.

आणि एक अधिकारी रात्री पावणेदहाला, न कळवता, लोअर परळच्या कोणत्याही चार इमारतींत पाठवा. कंपनीचे रजिस्टर बघू नका. इमारतीच्या गेटवरची नोंद आणि लिफ्टच्या कॅमेऱ्याचे चित्रण मागवा, आणि सव्वानऊला 'घरी गेलेल्या' किती बायका तेव्हा कुठे होत्या ते मोजा. पत्राला उत्तर देणार असाल तर ते तपासणी झाल्यावर द्या.

आपली,
लोअर परळमधील एका कंपनीची कर्मचारी
राहणार डोंबिवली (पूर्व)