रजेचा पगार कोणी द्यायचा?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू लिहिलंस, "घरची अडचण असेल तर रजा घ्यावी, पण पगार कशाला?" तुझा कारखाना लहान, माणसं मोजकी, तेव्हा हा प्रश्न तुला पडणारच. पण बिनपगारी रजा ज्याला परवडते तोच घेऊ शकतो. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने बाळंतपणासाठी किंवा घरातल्या गंभीर आजारपणासाठी १२ आठवडे रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि पन्नासपेक्षा कमी माणसांच्या खासगी कंपनीला तो कायदा लागूच नाही. हातावर पोट असलेल्याला तिचा काय उपयोग? आईचं ऑपरेशन निघतं तेव्हाच खर्च वाढतो, आणि पगारही नेमका तेव्हाच थांबतो. मग माणूस जीव घरी ठेवून कामावर येतो, नाहीतर नोकरीच सोडतो. सोडायची वेळ आली की बहुतेक घरांत बाईच सोडते. याची मला फार चीड येते.

पैशाच्या बाबतीत मात्र मी तुझ्याच बाजूचा आहे. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण कामगार विम्यात नसलेल्या बाईचा तो सगळा पगार मालकाच्या डोक्यावर. मग लहान मालक बाईला कामावर घ्यायलाच बिचकतो. हक्क तिच्यासाठी केला आणि भुर्दंडही तिलाच! म्हणून मी म्हणतो, हा पैसा एकट्या मालकाने देऊच नये, तो विम्यातून यावा. कॅलिफोर्नियात २००४ पासून तसंच चाललंय. कामगारांच्या पगारातून थोडी कपात होते, त्या निधीतून रजेवरच्या माणसाला पगाराचा मोठा हिस्सा मिळतो, मालकाला काही द्यावं लागत नाही. जपानमध्ये घरच्या माणसाच्या शुश्रूषेसाठी ९३ दिवसांपर्यंत रजा मिळते आणि पगाराच्या ६७ टक्के रक्कम रोजगार विम्यातून येते. मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण मूल सगळ्यांना होतंच असं नाही, पण आईवडील सगळ्यांचेच म्हातारे होतात.

आणि बापांनाही ही रजा हवी. नुसती परवानगी पुरत नाही. नॉर्वेत बापांना आधीही रजा घेता येत होती, पण घेणारे अगदी थोडे. १९९३ मध्ये चार आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले, न घेतले तर बुडणार, आणि काही वर्षांत बहुतेक बाप घेऊ लागले.

माणूस रजेवर गेला की काम कोण करणार, हा तुझा प्रश्न उरतोच, आणि लहान कारखान्यात तो अवघडच आहे. पण पगार निधीतून जात असेल, तर तेवढ्याच पैशात तू बदली कामगार ठेवू शकतोस. आज तुला दोन्हीकडून खर्च दिसतो, म्हणून तू नाही म्हणतोस.

तुझ्या कामात नवा माणूस तयार व्हायला किती दिवस लागतात, आणि महिन्याला थोडी कपात तुझे कामगार मान्य करतील का, हे त्यांनाच विचारून मला कळव. सविस्तर लिही.

तुझाच मित्र