फोटो छान आहे, पण आवाज?

संपादक महोदय,
कालच्या अंकात भिंतीवरच्या मोठ्या डिजिटल पडद्यावर इंग्रजी शिकणाऱ्या वर्गाचा फोटो पाहिला. छान आहे. पोरं हाताची घडी घालून बसलीत आणि एकाचंही तोंड उघडं नाही, हेही अगदी स्वच्छ आलंय.

जून 2000 मध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा आम्हा जिल्हा परिषदेच्या गुरुजींचंच इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. उच्चारांची धास्ती पोरांपेक्षा आम्हाला. आकाशवाणीवरच्या इंग्रजी पाठांनी तारलं. निवेदिका प्रश्न विचारून थांबायची आणि तेवढ्यात अख्खा वर्ग ओरडून उत्तर द्यायचा, चुकीचं का होईना. सेल संपले की माझी पिशवी निघायची: काड्यापेटी, साबणाची वेष्टनं, बिस्किटाचा रिकामा पुडा. एकदा पुड्यावरचं 'नेट वेट' मोठ्याने वाचलं, तर दुसरीतली एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, बिस्किटं ओली का?" मग फळ्यावर तीन स्पेलिंगं लिहिली. एकाखाली ओलं फडकं धरलं, दुसऱ्याखाली तराजू आणि तिसऱ्याला नुसता हात वर केला: थांब! पुढचे आठ दिवस पोरं एकमेकांना हात दाखवून 'वेट, वेट' करत होती.

गेल्या महिन्यात एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो होतो. नाव घेत नाही. पडद्याच्या कडेचं प्लॅस्टिक अजून तसंच, त्यावर खंडेनवमीचं हळदकुंकू आणि वाळलेला झेंडूचा हार. किल्ली यायला अर्धा तास. मग एक गाणं लागलं, मुलांनी पाहिलं. ते संपलं, दुसरं लागलं. बाईंना बोल लावत नाही. दोन वर्ग एकटीकडे, वर ऑनलाइन माहिती भरायची, आणि पुस्तकातला क्यूआर कोड उघडायचा तर डेटा त्यांच्याच मोबाइलचा. पण व्हिडिओ मध्येच थांबवून "आता तू सांग" म्हणता येतं, हे त्यांना प्रशिक्षणात कुणी सांगितलंच नव्हतं. पडदा चालू-बंद कसा करायचा, तेवढं शिकवलं म्हणे.

पडद्याशी माझं वैर नाही. त्याचे उच्चार माझ्यापेक्षा केव्हाही चांगले.

- एक निवृत्त गुरुजी, ता. माण, जि. सातारा

ता. क. मागचं पत्र आपण निम्मं कापलंत आणि खाली मला 'निवृत्त शिक्षणाधिकारी' करून टाकलंत. पारावर अजून 'साहेब' म्हणून चिडवतात. या वेळी हवं ते कापा, तेवढा झेंडूचा हार ठेवा.