सरवटे कोणाचा?

नागपूर,
३ मार्च २०२५

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलेली होतीस, म्हणून मी फार बोललो नाही. तुझ्या कोचीच्या ऑफिसातल्या पोरांचं म्हणणं असं, की केरळ रणजी करंडकाच्या अख्ख्या मोसमात एकही सामना हरलं नाही, फायनलसुद्धा अनिर्णित राहिली, मग करंडक विदर्भाला कसा? बरोबर आहे, हरलं नाही. पण त्यांना एवढं विचार, की फायनलपर्यंत ते पोचले कसे? पुण्यात जम्मू-काश्मीरच्या २८० ला यांचे २८१. अहमदाबादला गुजरातच्या ४५५ ला ४५७. एका धावेची आघाडी, मग दोन धावांची. दोन्ही वेळा सामना अनिर्णित आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर पुढची फेरी. ज्या नियमाने दोनदा हात दिला, त्यानेच फायनलला आपल्या नागपूरच्या जामठा मैदानावर सदतीस धावांनी हात सोडला. आमचे ३७९, त्यांचे ३४२.

बघ, मीही ‘आमचे’, ‘त्यांचे’ लिहून बसलो.

सेमीफायनल संपली त्या संध्याकाळी तू फोनवर ओरडलीस, “बाबा, आम्ही फायनलला आलो!” मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि आईला म्हटलं, “ऐकलं का, आम्ही म्हणाली.” आई भाजी निवडत होती. म्हणाली, “मग काय म्हणणार? चार वर्षं झाली तिथं.” तिचं खरं होतं. पण मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत ना, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आपण’ म्हटलं की समोरचा आत येतो. ‘आम्ही’ म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर उभा. तूच एकदा सांगितलं होतंस, मल्याळममध्येही असेच दोन आहेत, ‘ञङ्ङळ’ आणि ‘नम्मळ’. सत्तावीस वर्षांची पोरगी मला उंबऱ्याबाहेर उभं करते आहे, असं उगीच वाटलं त्या दिवशी. म्हाताऱ्यांना असलं काहीतरी लागतंच.

त्या शेवटच्या विकेटचा व्हिडिओ मी दहा वेळा पाहिला. गुजरात नऊ बाद, दोन-तीन धावांचा प्रश्न. नागवासवालाने जोरात मारला, शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि उडून स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात. पूर्वी असला झेल बाद धरत नव्हते. आणि चेंडू कुणाचा? आदित्य सरवटेचा. त्या सकाळच्या तिन्ही विकेट त्याच्याच. तुम्हाला फायनलला नेणारा पोरगा नागपूरचा, हे तुझ्या ऑफिसात कोणी बोललं का?

२०१९ ची फायनल तुला आठवते का? तू सुट्टीवर होतीस, आपण जामठ्याला उन्हात बसलो होतो. सौराष्ट्राचे अकरा गडी सरवटेने एकट्याने घेतले. पुजारा दोन्ही डावांत त्याच्याच हाती, एकदा एकावर आणि एकदा भोपळ्यावर. तू माझ्या स्कोअरबुकात पुजाराच्या शून्याला नाक-डोळे काढले होतेस, ते पान अजून आहे. या मोसमात तो केरळकडून खेळायला गेला. गेला तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

फायनलचा पहिला दिवस महाशिवरात्रीचा. आईने डब्यात साबुदाण्याची उसळ दिली. टॉस केरळने जिंकून आपल्याला फलंदाजी दिली आणि बघता बघता ३ बाद २४. सलामीला पार्थ रेखडेला पाठवलं होतं, तो शून्यावर गेला. तसा तो गोलंदाज! सेमीफायनलला मुंबईच्या रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबेला एका षटकात घरी पाठवणारा. त्याला सलामीला पाठवायची बुद्धी कोणाला झाली, हे मला अजून कळलेलं नाही. पण मग दानिश मालेवार आणि करुण नायर उभे राहिले. २१५ धावांची भागीदारी. दानिश १५३. पोराचा पहिलाच मोसम, पण बाप्पा, काय निवांत खेळतो! करुण ८६ वर धावबाद झाला, तेव्हा स्टँडमध्ये इतकी शांतता झाली, की चहावाल्याची किटली ऐकू आली.

आता गंमत बघ. हा करुण नायर मल्याळी घरातला, वाढला बंगळुरूत, कसोटीत त्रिशतक ठोकलेला, पुढे कर्नाटकानेही वगळलेला. त्याने त्या वेळी लिहिलं होतं, क्रिकेटा, मला अजून एक संधी दे. ती त्याला विदर्भाने दिली. तो आपल्याकडून केरळला झोडपतो आहे आणि नागपूरचा सरवटे केरळकडून आपल्याला.

दुसऱ्या दिवशी केरळची २ बाद १४ अशी अवस्था असताना सरवटे उभा राहिला. माझी शाईची पद्धत तुला माहीत आहे, आपल्या संघाच्या धावा निळ्या शाईने, समोरच्यांच्या लाल. तो शांतपणे खेळत राहिला, संध्याकाळी ६६ वर नाबाद. तिसऱ्या दिवशी ७९ वर आपल्या हर्ष दुबेने त्याला काढला. तो परत निघाला आणि मी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतला एक पोरगा मागे वळून म्हणाला, “काका, तुम्ही कोणाकडून आहात? आपली विकेट मिळाली म्हणून वाजवून राहिले, की त्याच्यासाठी?” मी म्हटलं, “दोन्ही.” तो हसला. घरी येऊन वही उघडली, तर सरवटेच्या ७९ पैकी निम्म्या धावा मी निळ्या शाईने लिहिलेल्या. कधी पेन बदलायचं विसरलो, कोण जाणे. खाडाखोड केली नाही.

मग सचिन बेबी. ९८ वर असताना मोठा फटका मारायला गेला. चेंडू रेखडेचा, झेल करुणचा. मला तर त्याची दयाच आली. दोन धावा थांबून घेतल्या असत्या, तर शतकही झालं असतं आणि कदाचित आघाडीही मिळाली असती. तो गेल्यावर बाकीचे भराभर आटोपले. त्याच डावात हर्षने मोसमातला ६९ वा बळी घेतला. बिहारच्या आशुतोष अमनच्या नावावर ६८ होते, त्याच्याही आधी बिशनसिंग बेदींचे ६४. बेदींचा विक्रम चव्वेचाळीस वर्षं टिकला होता, हे तुझ्या मित्रांना सांग. यश राठोडचंही सांग, ९६० धावा, मोसमात सगळ्यांत जास्त. सेमीफायनलच्या दुसऱ्या डावात त्याने १५१ केल्या नसत्या, तर मुंबईने आपल्याला पुन्हा गुंडाळलं असतं. मागच्या वर्षीच्या फायनलला वानखेडेवर त्यांनी १६९ धावांनी हरवलं होतं, त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. तुझी आई ते सगळ्यांना सांगत फिरते.

चौथ्या दिवशी करुणचं शतक, दानिशचे ७३. पाचव्या दिवशी करुण १३५ वर पुढे सरसावला आणि यष्टिचीत झाला. गोलंदाज सरवटे. तेव्हा मात्र मी टाळ्या वाजवल्या नाहीत, हात मांडीवरच राहिले. पुढचा सामना नावापुरताच. दर्शन नळकांडेचं अर्धशतक झालं आणि कप्तानांनी हस्तांदोलन केलं. आपली तिसरी ट्रॉफी. पहिली २०१८ च्या एक जानेवारीला इंदूरला आली, तेव्हा तू होस्टेलवरून रडत फोन केला होतास. आम्ही सगळे इथे रडतच होतो. विदर्भाने साठ वर्षांत कधी फायनल पाहिली नव्हती, तर रडू येणारच.

सगळे आपल्या कप्तान वाडकरभोवती गोळा झाले होते, पण मी सरवटेकडे बघत होतो. आपल्या खेळाडूंना भेटत होता, गळ्यात गळे. सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर तो करंडक घेऊन फिरला होता.

बाकी ठीक. आईचा गुडघा तसाच आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, ती ऐकत नाही. तू त्या पुण्याच्या नोकरीबद्दल विचारलं होतंस, घ्यावी की नको. पुणं जवळ आहे, एवढं मी जानेवारीत बोलून गेलो. ते बाजूला ठेव. कोचीतलं काम आवडत असेल तर तिथेच रहा. आईशी माझं बोलणं झालंय.

संत्रा बर्फीचे दोन डबे उद्या कुरिअरने टाकतो. एक तुझा, दुसरा ऑफिसात दे. जिंकल्याची आहे म्हणून सांगू नको, चिडतील. आणि होळीला येणार असलीस, तर रिझर्व्हेशनचं लवकर कळव, त्या गाडीला वेटिंग फार असतं.

तुझा,
बाबा