योकोहामाने बंदर राखले आणि किनाराही लोकांना दिला

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून मजकूर येत असतो आणि माझगावचा रहिवासी म्हणून तो मी आवर्जून वाचतो. नुकताच नोकरीच्या कामासाठी जपानमधील योकोहामा येथे थोडक्या दिवसांसाठी जाण्याचा योग आला. दिवस बैठकांमध्ये जात असला तरी संध्याकाळ माझी होती, आणि ती मी बंदराच्या काठाने पायी हिंडण्यात घालवली. मुंबई आणि योकोहामा ही १९६५ पासून भगिनी शहरे आहेत. आपल्याकडे हे नाते फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाही. पण त्याचा उपयोग करून घेण्याची हीच वेळ आहे, असे मला मनापासून वाटते.

१८५९ साली परदेशी व्यापारासाठी बंदर खुले झाले तेव्हा योकोहामा ही मच्छिमारांची लहानशी वस्ती होती. रेशमाच्या निर्यातीवर ती भराभर वाढली आणि १८७२ मध्ये जपानची पहिली रेल्वे टोकियोहून इथवर आली. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यापाठोपाठ लागलेल्या आगीत शहराचा बहुतेक भाग नष्ट झाला. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तो पुन्हा जळाला. अशा शहराने किनाऱ्याचा इंच न् इंच गोद्या, गुदामे आणि कारखाने यांनाच देऊन टाकला असता, तरी त्याला कुणी दोष दिला नसता.

प्रत्यक्षात सकुरागिचो स्थानकाबाहेर पडल्यावर काही मिनिटांतच पाण्यावरून जाणारी एक पायवाट लागते. बंदराकडे जाणाऱ्या मालगाड्यांचा हा जुना मार्ग. १९९७ साली तो पादचाऱ्यांसाठी खुला झाला. रूळ उखडून भंगारात काढलेले नाहीत. पायाखालच्या फरशीत ते तसेच बसवलेले आहेत आणि वाटेवरचे जुने लोखंडी पूलही जागच्या जागी आहेत. ही वाट पुढे लाल विटांच्या दोन प्रचंड गुदामांकडे जाते. १९११ आणि १९१३ साली सीमाशुल्क खात्यासाठी बांधलेल्या या इमारतींचा गुदाम म्हणून वापर १९८९ मध्ये थांबला, महापालिकेने त्या ताब्यात घेतल्या आणि दुरुस्तीनंतर २००२ मध्ये दुकाने, उपाहारगृहे व कार्यक्रमांसाठी खुल्या केल्या. लोखंडी दारे, विटा, जिने शक्य तितके मूळचे राखले आहेत.

तिथून ओसानबाशी धक्का जवळच आहे आणि या शहरात मला सर्वाधिक विचार करायला लावले ते याच जागेने. हा प्रवासी बोटींचा आंतरराष्ट्रीय धक्का आहे. खाली पारपत्र व सीमाशुल्क तपासणीची दालने आहेत, दोन्ही बाजूंना मोठी जहाजे लागतात आणि इमारतीचे संपूर्ण छप्पर हीच नागरिकांची फिरण्याची जागा आहे. हे छप्पर सपाट नाही. टणक ब्राझिली लाकडाच्या फळ्यांचे ते हळूहळू वर चढत आणि उतरत जाते आणि मधेमधे हिरवळ आहे. त्यामुळे लहान मुलांची गाडी ढकलत येणारे आईवडील आणि चाकाच्या खुर्चीतील वृद्ध अगदी टोकापर्यंत जाऊ शकतात. ते चोवीस तास खुले असते आणि तिकीट नाही. मी गेलो तेव्हा कार्यालयातून परस्पर आलेला एक माणूस बूट काढून हिरवळीवर डबा खात बसला होता आणि त्याच्यासमोर, रस्ता ओलांडण्याइतक्या अंतरावर, एका जहाजाचे दोर आवळले जात होते. सुरक्षेच्या कारणास्तव बंदरात सामान्य माणसाला येऊ देता येत नाही, हे वाक्य मी माझगावात लहानपणापासून ऐकत आलो आहे. सुरक्षेची गरज खरीच आहे. पण तपासणी एका मजल्यावर आणि नागरिक दुसऱ्या मजल्यावर, अशी रचना करून ती गरज भागवता येते, हे तिथे डोळ्यांसमोर होते.

पुढचे यामाशिता उद्यान हे १९२३ च्या भूकंपातील ढिगारा समुद्रात भरून तयार केलेल्या जमिनीवर उभे राहिले आणि १९३० मध्ये ते लोकांसाठी उघडले. बेघर झालेल्या शहराने नव्या जमिनीवर बाग केली, या निर्णयाबद्दल मला अपार आदर वाटतो. याच बागेच्या एका कोपऱ्यात भारतीय धाटणीचा घुमट असलेले एक छोटे पाणपोईवजा स्मारक आहे. भूकंपात सापडलेल्या भारतीयांना योकोहामाकरांनी आश्रय दिला, जपानमधल्याच कोबे शहराकडे निघून गेलेल्या भारतीय व्यापाऱ्यांनी परत यावे म्हणून प्रयत्न केले, त्या उपकाराची आठवण म्हणून तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी ते १९३९ साली शहराला अर्पण केले. घुमटाच्या आतल्या बाजूला रंगीत तुकड्यांची नक्षी आहे. मान वर केल्याशिवाय ती दिसत नाही. मुंबईहून जाणाऱ्या प्रत्येकाने ती पाहावी.

हे सारे आपोआप घडलेले नाही. १९६५ साली, म्हणजे आपल्याशी नाते जोडले त्याच वर्षी, महापौर इचिओ असुकाता यांच्या कारकिर्दीत शहराने सहा मोठ्या प्रकल्पांचा आराखडा मांडला. शहराच्या मध्यावर किनारा अडवून बसलेली जहाजबांधणीची गोदी आणि रेल्वेचे मालयार्ड हलवून तिथे नवे नागरी केंद्र वसवणे हा त्याचा एक भाग होता. प्रत्यक्ष काम १९८३ मध्ये सुरू झाले. आज ‘मिनातो मिराई’ म्हणून ओळखला जाणारा हा १८६ हेक्टरांचा परिसर उंच इमारती आणि मॉल यांनी भरलेला आहे आणि त्यातले सगळेच मला आवडले असे नाही. मात्र उंच इमारती मागे आणि पाण्याकडे येताना उंची कमी, हा नियम पाळला गेल्याचे समुद्रावरून पाहताना स्पष्ट कळते, आणि पाण्यालगतची पट्टी चालणाऱ्यांची राहिली आहे. जहाजांच्या दुरुस्तीची एक सुकी गोदी न बुजवता तिचे दगडी कठडे राखून तिथे खुले आवार केले आहे. मालवाहतूकही बंद पडलेली नाही. ती होनमोकू, दायकोकू अशा धक्क्यांवर गेली आणि योकोहामा आजही जपानच्या प्रमुख बंदरांपैकी एक आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. या देखण्या किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर कोतोबुकी नावाची वस्ती आहे. गोदीत रोजंदारीने ओझी वाहणारे मजूर तिथल्या स्वस्त खोल्यांत राहत. कंटेनर आले, माणसांचे काम गेले, आणि आता तिथे प्रामुख्याने सरकारी मदतीवर जगणारे वृद्ध राहतात. आपल्याकडे दारूखाना या जहाजतोडणीच्या भागातील कामगार आणि बंदराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे यांचा विचार आराखड्याच्या पहिल्या पानावर व्हायला हवा, तो पुरवणीत नको.

आपल्याकडील परिस्थिती वाचकांना ठाऊक आहे. १९८९ साली पलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक मोठ्या प्रमाणावर तिकडे गेली. मुंबई बंदराकडे शहरात सुमारे १,८०० एकर जमीन आहे आणि तिच्या वापराचा विचार करण्यासाठी २०१४ मध्ये समितीही नेमली गेली होती. तरीही पी. डिमेलो मार्गाने चालणाऱ्या माणसाला भिंत दिसते, समुद्र दिसत नाही. आमच्या माझगावकरांना पाणी पाहायचे असेल तर टेकडीवरच्या जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात चढावे लागते आणि गोदीच्या क्रेनांपलीकडे नजर टाकावी लागते. किंवा भाऊच्या धक्क्यावर जाऊन रेवस-मोऱ्याच्या लाँचच्या रांगेजवळ उभे राहावे लागते.

योकोहामातील आणखी एक घटना इथे सांगणे आवश्यक आहे. यामाशिता उद्यानाला लागूनच असलेल्या धक्क्यावर कॅसिनोसह मोठे पर्यटन संकुल आणण्याचा मनोदय तेथील महापौरांनी २०१९ मध्ये जाहीर केला. नागरिकांनी त्याला चिकाटीने विरोध केला, २०२१ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत तोच कळीचा मुद्दा ठरला, विरोधाची भूमिका घेणारे उमेदवार निवडून आले आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. किनाऱ्यावर काय व्हावे हा प्रश्न मतदारांनी मतपेटीतून सोडवला. मुंबईच्या कोणत्याही निवडणुकीत एखाद्या उमेदवाराने पूर्व किनाऱ्याबद्दल आम्हा मतदारांपुढे ठोस भूमिका मांडल्याचे मला आठवत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की महापालिका आणि बंदर प्राधिकरण यांनी भगिनी शहराच्या नात्याने योकोहामाच्या नगररचना विभागाशी औपचारिक संपर्क साधावा आणि तिथल्या नियोजनाची कागदपत्रे मराठीतून नागरिकांसमोर ठेवावीत. संपूर्ण आराखडा मंजूर होण्याची वाट न पाहता भाऊच्या धक्क्यापासून शिवडीपर्यंत जिथे जिथे सध्या प्रत्यक्ष काम चालत नाही, अशा जागी पाण्यालगतची पट्टी निश्चित करून ती कायमस्वरूपी सार्वजनिक राहील, असे आधी जाहीर करावे. बांधकामाचे चटईक्षेत्र ठरवण्याचा प्रश्न त्यानंतर घ्यावा. आपल्या दैनिकाने या पट्टीचा नकाशा प्रसिद्ध करून वाचकांकडून सूचना मागवल्या, तर माझगाव, डोंगरी, शिवडी आणि वडाळ्याचे रहिवासी नक्की लिहितील.

आपला विश्वासू,
एक वाचक, माझगाव, मुंबई