चिटाला ‘इंग्लिश’ का म्हणायचं?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला घर सजवण्याचा लेख वाचला. ठसठशीत फुलांचे न पक्ष्यांचे पडदे, सोफ्याला तसलंच कापड, फोटो झकास होते, पण दर दोन ओळींनी ‘इंग्लिश कॉटेज लूक’ कशाला? अहो माझ्या आजीकडे लोडांना आणि उशांना चिटाचेच, म्हणजे फुलाफुलांच्या छापील सुती कापडाचेच, अभ्रे असायचे, आणि इंग्रजांचं चिंट्झ म्हणजे आपली चीट, शब्दसुद्धा इथूनच गेलाय. आपल्या पलंगपोसाचं तिकडे पॅलम्पोर झालं. कोरोमंडल किनाऱ्यावर, आंध्रातल्या मच्छलीपट्टणच्या बाजूला, हे पलंगपोस रंगवून जहाजानं जायचे, मधोमध एक मोठं झाड, त्याला कुठल्याच बागेत सापडणार नाहीत अशी फुलं आणि फांद्यांवर पक्षी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अजून जपून ठेवलेत.

खरी करामत रंगाची होती. हिरडा आणि म्हशीचं दूध यात कापड आधी भिजवायचं, तुरटी जिथे लावली तिथेच लाल रंग धरणार, काळ्यासाठी गंजकं लोखंड न गूळ. त्यामुळे धुतलं तरी रंग जायचा नाही, युरोपात तेव्हा हे कुणाला जमत नव्हतं. मग काय, तिकडच्या विणकरांचा धंदा बसायला लागला आणि आली बंदी! फ्रान्सनं १६८६ ला घातली ती १७५९ पर्यंत, इंग्लंडनं १७०० ला कायदा करून आयात रोखली, १७२१ ला तर छापील सुती कापड अंगावरच काय पण पडद्याला, खुर्चीला वापरायचीही बंदी, ती उठली १७७४ ला. त्याआधी १७१९ मध्ये लंडनचे विणकर भर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे चिटाचे कपडे फाडत होते, आणि आज तेच कापड आपल्याला इंग्लिश म्हणून दाखवायचं?

कापडावरच्या नक्षीसाठी गाजलेल्या इंग्लिश विल्यम मॉरिसबद्दल तक्रार नाही हं. बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या पळवणारे कस्तूर पक्षी त्यानं १८८३ ला कापडावर आणले ते मला फार आवडतात, पण त्यातही आधी अख्खं कापड निळीत बुडवायचं आणि मग ठशानं नको तिथली नीळ उडवायची असा उद्योग आहे, हे लेखात यायला हवं होतं.

दुसरं म्हणजे ‘लहान खोलीत मोठी प्रिंट नको’, हे मला अजिबात पटलं नाही. आमची बेडरूम दहा बाय दहा, खिडकीला वीतभर लांबीचे पोपट आणि बाकी सगळं प्लेन, खोली मस्त दिसते, उलट बारीक बारीक फुलं चार ठिकाणी लावली की खिचडी होते. पैठणीच्या पदरावर बांगडी मोर आणि काठाला मुनिया लग्नात मिरवायला चालतात, मग घरी हॉलमध्ये सगळं बेज का, ते मला कळत नाही.

आणि कामाचं तेवढंच लेखात नव्हतं. मोठ्या प्रिंटला नुसता पन्हा बघून भागत नाही, रिपीट, म्हणजे तीच नक्षी किती इंचांनी पुन्हा येते, ते विचारावं लागतं. आमचा पडदा दुमडीसकट ६८ इंच, रिपीट २५ इंचाचा, म्हणजे दोन्ही पडद्यांवरची फुलं एका ओळीत यायला प्रत्येकी ७५ इंच कापायला लागतं. दुकानदारानं साडेतीन मीटर सांगितलं, लागले जवळजवळ चार, परत गेलो तर तो तागाच संपलेला. आतून अस्तरही लावून घ्या, ऊन्हानं आधी लाल रंग उडतो, आमच्या पोपटांच्या चोची आता गुलाबी झाल्यात. शिवाय पक्षी असले की शिंप्याला वरची बाजू कुठली ते खडूनं खूण करून द्या. आम्ही नाही दिली. मागच्या खोलीतले सगळे पक्षी खाली डोकं वर पाय, उसवायला म्हणून जीव होत नाही, नातू त्यांना वटवाघळं म्हणतो.

आपली एक जुनी वाचक,
डोंबिवली (पूर्व)