घरच्या संगणकाला एकच पहारेकरी पुरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील संगणक-सुरक्षेवरील लेखात, प्रत्येक घरगुती संगणकावर एक अँटिव्हायरस आणि त्याच्या जोडीला एक स्वतंत्र अँटी-स्पायवेअर (गुपचूप आपली माहिती टिपणारे प्रोग्राम, म्हणजे स्पायवेअर, पकडणारे साधन) बसवावे, असा सल्ला वाचला. वीस वर्षांपूर्वी हाच सल्ला मी स्वतः अनेकांना दिलेला असल्यामुळे त्याला आज चूक म्हणताना थोडे अवघडल्यासारखे होते. परंतु हा सल्ला आता कालबाह्य झाला आहे, आणि तो शब्दशः पाळला तर संगणकाचे रक्षण होण्याऐवजी त्याचा जाच वाढतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

व्हायरस आणि स्पायवेअर यांची औषधे मुळात वेगळी का झाली, हे पाहिले म्हणजे ती आज वेगळी का नकोत हेही कळते. १९८६ साली फ्लॉपीवरून पसरलेल्या ‘ब्रेन’पासून पुढे जे व्हायरस आले, ते स्वतःच्या प्रती काढत एका संगणकावरून दुसऱ्यावर जात, आणि त्यांना ओळखणे व काढून टाकणे हेच अँटिव्हायरसचे काम मानले गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेले स्पायवेअर मात्र वेगळ्या जातीचे होते. ते स्वतःच्या प्रती काढत नसे. एखाद्या फुकट प्रोग्रामच्या पाठीवर बसून येई, आणि कोणीही न वाचलेल्या करारनाम्यात त्याच्या आगमनाला संमती असल्याचे एक वाक्य दडलेले असे. वापरणाऱ्याने स्वतः ‘मान्य आहे’ म्हटलेल्या प्रोग्रामला उपद्रवी ठरवावे की नाही, या पेचात अँटिव्हायरस कंपन्या बराच काळ अडकल्या, आणि ती पोकळी ‘ॲड-अवेअर’, ‘स्पायबॉट’ यांसारख्या स्वतंत्र साधनांनी भरून काढली. मायक्रोसॉफ्टनेही डिसेंबर २००४ मध्ये जायंट नावाची छोटी कंपनी विकत घेऊन तिच्या साधनातून २००६ साली ‘विंडोज डिफेंडर’ तयार केले, तेव्हा ते केवळ स्पायवेअर पकडणारेच होते. व्हायरससाठी दुसरी सोय करावीच लागे. २०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि त्याच डिफेंडरला पूर्ण अँटिव्हायरसचे काम देण्यात आले. नाव तेच राहिले आणि काम बदलले, त्यामुळे ‘डिफेंडर म्हणजे अर्धवट संरक्षण’ ही जुनी समजूत अजूनही टिकून आहे. आपल्या लेखातही ती डोकावते.

आज नाव घेण्याजोगे कोणतेही अँटिव्हायरस व्हायरस, उपयुक्त प्रोग्रामचे सोंग घेऊन शिरणारे ट्रोजन, स्पायवेअर, कळफलकावरील प्रत्येक कळ टिपून घेणारे कीलॉगर आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर या सर्वांवरच नजर ठेवते. मग दुसरे घेतल्याने बिघडते काय? बिघडते ते असे. सतत पहारा देणारे असे साधन प्रत्येक फाइल उघडण्याच्या क्षणी मध्ये येऊन ती तपासते. अशी दोन साधने एकत्र असली, तर एकाने तपासायला घेतलेली फाइल दुसरे पुन्हा तपासू लागते, आणि एकाने पकडून बंदोबस्तात ठेवलेला नमुना दुसऱ्याला नवा शत्रू वाटतो. माझ्या एका नातेवाइकांनी ‘संगणक म्हातारा झाला, नवा घ्यावा का?’ असे विचारले होते. पाहतो तर त्यावर दोन अँटिव्हायरस, एक अँटी-स्पायवेअर आणि ‘संगणक वेगवान करणारा’ एक प्रोग्राम, असे चौघे एकमेकांच्या पायांत पाय घालून उभे होते. तिघांना निरोप दिल्यावर तोच संगणक पुढे तीन वर्षे विनातक्रार चालला. काढताना नुसता फोल्डर पुसू नये, रीतसर अनइन्स्टॉल करावे; बहुतेक कंपन्या आपल्या प्रोग्रामचे उरलेसुरले भाग काढण्यासाठी वेगळे साधनही देतात.

दुसरे मत घ्यायचेच असेल, तर सतत पहारा न देणारे, आपण सांगू तेव्हाच तपासणी करणारे साधन ठेवायला हरकत नाही. ‘मालवेअरबाइट्स’ या साधनाची फुकट आवृत्ती चाचणीच्या मुदतीनंतर तशीच राहते. शिवाय डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ ही सोय आहे, तीत संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज पूर्ण जागे होण्याआधीच तपासणी होते. दडून बसलेल्या प्रोग्रामसाठी ती विशेष उपयोगी आहे.

आता निवडीविषयी. जाहिरातीतील ‘शंभर टक्के संरक्षण’ या शब्दांवर विसंबू नये, कारण संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८०च्या दशकातच सिद्ध केले होते की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारी एकच पद्धत तत्त्वतःच अशक्य आहे. त्याऐवजी जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज यांसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल पाहावेत. एव्ही-टेस्ट संरक्षण, संगणकावरील भार आणि वापरातील सुलभता या तिन्हींना प्रत्येकी ६ गुण देते. या तिसऱ्या रकान्याकडे लोक सहसा पाहत नाहीत, आणि घरच्या माणसासाठी तोच मोलाचा आहे. कारण निरुपद्रवी प्रोग्रामला उगाच चोर ठरवण्याचे प्रमाण त्यात मोजलेले असते. रोज खोटी हाकाटी करणाऱ्या साधनाच्या खऱ्या इशाऱ्याकडेही माणूस लक्ष देईनासा होतो. पहिल्या दोन-चार क्रमांकांतील दशांश टक्क्याच्या फरकाने मात्र विचलित होऊ नये, कारण तो पुढच्या चाचणीत उलटाही होतो. डिफेंडर गेली अनेक वर्षे या चाचण्यांत वरच्या श्रेणीत आहे, तो विंडोजबरोबरच येतो आणि नूतनीकरणासाठी मागे लागत नाही. म्हणून सामान्य घरगुती वापरासाठी तो पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त त्यातील ‘नकोसे असू शकणारे ॲप’ अडवण्याची सोय सुरू आहे ना, हे पाहून घ्यावे. जुन्या काळी ज्यासाठी वेगळे अँटी-स्पायवेअर लागे, त्यातले बरेचसे काम तीच करते. मुलांसाठीचे नियंत्रण किंवा अनेक उपकरणांची एकत्र देखरेख हवी असणाऱ्याने पैसे देऊन दुसरे अँटिव्हायरस जरूर घ्यावे. ते बसवताच डिफेंडरचा सततचा पहारा आपोआप थांबतो, त्यामुळे तेथे दोघांची टक्कर होत नाही.

आपल्या लेखात एका गोष्टीचा उल्लेखही नाही, तिच्याविषयी मी थोडे सविस्तर लिहितो. अँटिव्हायरस हा संगणकातील सर्वाधिक अधिकार असलेला पाहुणा असतो. प्रत्येक फाइल तो उघडतो, आणि अनेकदा आपण कोणती संकेतस्थळे पाहतो हेही त्याला कळते. म्हणून तो बनवणारा काय करतो, हे तो काय पकडतो याइतकेच महत्त्वाचे आहे. अव्हास्ट या प्रसिद्ध कंपनीने आपल्या वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याचे उघड झाल्यावर २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश दिला. हेरगिरी थांबवण्यासाठी घेतलेल्या साधनानेच ती करावी, यालाच कुंपणाने शेत खाणे म्हणतात. हेतू शुद्ध असला तरी अपघात होतात, तेही ध्यानात ठेवावे: २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीच्या एका सदोष अद्यतनाने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिले. असे अधिकार एकाला देणेच पुरेसे धाडसाचे आहे. ते दोघा-तिघांना का द्यावेत?

बनावट अँटिव्हायरस हा तर वेगळाच धंदा आहे. ब्राउझरमध्ये अचानक खिडकी उघडून ‘तुमच्या संगणकात अमुक इतके व्हायरस सापडले’ असे कोणी ओरडू लागले, तर ती जाहिरात आहे हे ओळखावे, कारण एखाद्या संकेतस्थळाला आपल्या संगणकाची तपासणी अशी परस्पर करता येत नाही. त्यातील कोणत्याही बटणावर, अगदी ‘नको’वरही, क्लिक न करता ब्राउझर बंद करावा आणि त्यात दिलेल्या क्रमांकावर फोन तर मुळीच करू नये.

अँटिव्हायरसच्या मर्यादेविषयी दोन शब्द. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभर संगणक बंद पाडले, पण ज्या छिद्रातून ते शिरले ते बुजवणारे अद्यतन मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते, ज्यांनी ते घेतले त्यांच्याकडे ते त्या वाटेने शिरू शकले नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्या प्रणालीवर डिफेंडरला व्हायरसांची नवी ओळखपत्रे मिळत राहिली, तरी प्रणालीतील नवी छिद्रे त्याने बुजत नाहीत. याशिवाय महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअर तितक्याच सहजपणे कुलूपबंद करते.

शेवटी एक विनंती. पुढील पुरवणीत या सल्ल्याची दुरुस्ती छापणार असाल, तर त्याबरोबर वाचकांना दोन गोष्टी करून पाहायला सांगावे. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून सध्या पहाऱ्यावर नेमके कोण आहे ते वाचावे. नव्या संगणकाबरोबर आलेल्या आणि मुदत संपलेल्या चाचणी आवृत्तीचे नाव तेथे पाहून अनेकांना धक्का बसेल. दुसरे म्हणजे आयकार या संस्थेची चाचणी-फाइल उतरवून पाहावी. ती ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे. अँटिव्हायरस कंपन्यांनी आपसांत ठरवून तिला व्हायरस मानले आहे. फाइल उतरताच आपल्या पहारेकऱ्याने ती अडवली, तर तो जागा आहे. ती मुकाट्याने डेस्कटॉपवर येऊन बसली, तर दुसरा पहारेकरी आणण्याआधी पहिल्याला झोप का लागली ते शोधावे.

आपला,
एक नियमित वाचक