साहेब, तुमच्या ग्रुपवर आम्हाले बी बोलू द्या

मा. पालकमंत्री साहेब, नमस्कार.

तहसीलमध्ये निवेदन दिलं की पोच भेटते, शिक्का भेटतो, उत्तर भेटत नाही. तुम्ही मात्र रोज सकाळी मोबाइलवर दिसता म्हणून हे पत्र मोबाइलवरच लिहून टाकतोय. मी कापूसपट्ट्यातला कोरडवाहू शेतकरी, कोणत्याच पक्षाचा नाही, मत प्रत्येक वेळी देतो.

आमच्या गावात तुमच्या नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. इलेक्शनच्या आधी पोट्टे मतदार यादी घेऊन घरोघर फिरले, नंबर घेतले आणि सगळ्यांना ॲड करून टाकलं, कोणाले विचारलं नाही. त्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकतो. भूमिपूजन येतं, वाढदिवस येतो, ड्रोननं काढलेला सभेचा व्हिडिओ येतो, त्याच्यावर गाणं लावलेलं असतं. आमच्याकडून काहीच जात नाही. पहिले नेता गावात आला की पारावर बसायचा, एखादी म्हातारी उठून तोंडावर विचारायची की बाबू मागच्या टायमाले पुलाचं बोलून गेला होता त्याचं काय झालं, आणि सगळ्या गावासमोर त्याले काहीतरी बोलाच लागे. खोटं बोलला तरी गाव ऐकून ठेवायचं आणि पुढच्या वेळी काढायचं. आता तुमची बाजू रोज दिसते आणि आमचा प्रश्न कुठंच दिसत नाही, मला सगळ्यात जास्त हेच खुपते.

२०२५ चंच सांगतो. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत सांगितलं, मग दहा-एक दिवसांत ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आमचा पहिला वेचा घरात येईल त्याच टायमाले बाहेरच्या देशातली कापसाची गाठ बिनशुल्क येणार होती. ज्या जिल्ह्यात पराटीवर म्हणजे कपाशीवर लेकराची फी आणि पोरीचं लग्न अवलंबून आहे तिथं याच्याहून मोठी राजकीय बातमी कोणती असते? पण ती आम्हाले फॉरवर्डवरून समजली, एकात लिहिलं होतं शुल्क वाढलं, दुसऱ्यात लिहिलं होतं हमीभावच बंद झाला, पानठेल्यावर दोन दिवस भांडणं. त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या सगळ्याच नेत्यांच्या पेजवर पोळ्याच्या शुभेच्छा होत्या, सर्जा-राजाचे फोटो होते. शुभेच्छा द्या, पोळा आमचा मोठा सण आहे, पण त्याच बोटानं चार ओळी लिहिल्या असत्या की निर्णय असा आहे, लांब धाग्याच्या कापसाचा क्विंटलला ८११० रुपये हमीभाव कायम आहे, सीसीआयले (केंद्राच्या कापूस महामंडळाले) विकाचं असेल तर पुढं कपास किसान ॲपवर नोंदणी करा लागेल, तर किती लोकांचा जीव भांड्यात पडला असता. एका पेजवर मी हाच प्रश्न कमेंटमध्ये विचारला, सभ्य भाषेत. संध्याकाळी कमेंट गायब होती.

कमेंट गेली त्याचं दुःख कमी आहे, त्याच्यानं बाकीचे गप्प बसतात त्याचं जास्त आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन पोरींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली होती, एकीनं लिहिलं आणि दुसरीनं फक्त लाइक केलं होतं. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्दही केलं, पण गावात कलमाची गरजच पडत नाही हो. घरकुलाच्या यादीतून नाव कटलं तर, विहिरीची फाइल अडकली तर, एवढं मनात आलं तरी माणूस टाइप केलेलं पुसून टाकतो.

आणि जिथं खरं सांगणारं कोणी नसतं तिथं अफवा बसते. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. पोटासाठी फिरणारे डवरी गोसावी समाजाचे पाच माणसं, लेकरं पळवणारी टोळी म्हणून जमावानं ठेचून मारले, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत. व्हॉट्सॲपवर कित्येक दिवस तसेच मेसेज फिरत होते. त्यानंतर कंपनीनं भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड जाईल अशी मर्यादा आणली, पण एकेका पोट्ट्याकडं पन्नास ग्रुप असतात, थोडं थोडं करून तो सगळीकडं पोचवतो. आपल्या विदर्भातच पाहा, मे २०२३ मध्ये अकोल्यात एका इन्स्टाग्राम पोस्टवरून पेटलं, मार्च २०२५ मध्ये नागपुरात अफवेवरून पेटलं, दोन्हीकडं माणूस गेला. अकोल्यात तर इंटरनेटच बंद करावं लागलं, म्हणजे अफवा पसरवणाऱ्यासोबत फोनपेवर हिशोब चालवणारा भाजीवालाही बंद. तुमच्याकडं गावागावात पोचणारे ग्रुप तयार आहेत साहेब. पहिल्या तासात तुमच्या आवाजातला साधा मेसेज आला की असं काही घडलेलं नाही, तर अर्धं गाव जाग्यावर थांबते. दुसऱ्या दिवशी शांततेचं आवाहन करून काय उपयोग, तोवर दुकान जळून गेलेलं असते.

अजून एक. निवडणूक आयोगानं २०१३ पासून सांगून ठेवलं आहे की उमेदवारानं आपले सोशल मीडिया अकाउंट प्रतिज्ञापत्रात द्यावे, त्याच्यावरचा खर्च हिशोबात दाखवावा, जाहिरात आधी तपासून घ्यावी. तुमचे अकाउंट तिथं दिसतात. पण "समर्थक", "वॉरियर्स", "फॅन क्लब" नावाचे जे पेज विरोधकाची जात काढतात, त्याच्या घरच्या बाईवर घाण लिहितात, ते कोणाच्याच कागदावर नसतात. आमचेच वीस-बावीस वर्षांचे पोट्टे ते चालवतात, रिचार्ज आणि थोड्याशा पैशासाठी, आणि गुन्हा दाखल झाला की पोलिस स्टेशनात बापासोबत एकटेच बसलेले दिसतात. त्याच्या नावावर केस राहिली तर पोलिस भरतीचं स्वप्न तिथंच संपते. हे तुम्ही थांबवू शकता, एका फोनवर थांबवू शकता, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाचं नाव तुम्ही भाषणात घेता. तिथं ग्रामसभा बसते, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलते, मग निर्णय होतो, त्याच जोरावर त्यांनी २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. तिथं व्हॉट्सॲप लागलं नाही, ऐकून घेणारे माणसं लागले. तुम्ही सोशल मीडिया सोडा असं मी म्हणत नाही, उलट तुम्ही तिथं आहात हे चांगलंच आहे, मुंबईले यायला आमच्याजवळ पैसा नाही. फक्त आठवड्यातून एक दिवस ग्रुप सगळ्यांसाठी खुला ठेवा. शिवी आली तर तेवढी काढा, प्रश्न काढू नका. ग्रामसभेचे ठराव तुमच्या ऑफिसात येतात, त्याचं काय झालं हे त्याच पेजवर टाका, नाही जमत असेल तर नाही जमत म्हणून टाका, लोक समजून घेतात.

ग्रुप खुला होईपर्यंत पहिला प्रश्न इथंच विचारून ठेवतो. आमच्या तालुक्यातलं सीसीआयचं खरेदी केंद्र कोणत्या तारखेला सुरू होणार, आणि ज्याच्याकडं स्मार्टफोनच नाही त्यानं ॲपवर नोंदणी कुठं जाऊन करायची?

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी